विकिरण प्रक्रिया आणि सोलापूरचा शेतमाल

सोलापूर जिल्ह्याच्या अर्थकारणात कांदा व डाळिंब या दोन पिकांचे स्थान मोठे आहे. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्यांची रीघ लागते. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांतील डाळिंब दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. दोन्ही पिकांपुढील अडचण मात्र एकच : माल नाशवंत, आणि चांगला भाव देणारा बाजार काळाने किंवा अंतराने दूर. एकाच वेळी आवक वाढली की कांद्याचे भाव कोसळतात. राखून ठेवावा, तर त्यास कोंब फुटतात वा सड लागते. विकिरण प्रक्रियेकडे आशेने पाहिले जाते ते यामुळेच. ही आशा कितपत सार्थ आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रक्रियेचे स्वरूप

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूपासून गॅमा किरण बाहेर पडतात. हा धातू पोलादी नळ्यांत बंद केलेला असतो आणि जाड काँक्रीटच्या भिंतींच्या कक्षात ठेवलेला असतो. मालाची खोकी त्याच्यासमोरून ठरावीक गतीने फिरविली जातात. माल व कोबाल्ट यांचा स्पर्श होत नाही. या किरणांची शक्ती पदार्थास किरणोत्सारी बनविण्याइतकी नसते. क्ष-किरणांनी छायाचित्र काढलेला रुग्ण जसा किरणोत्सारी होत नाही, तसेच हे आहे. १०,००० ग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेने प्रक्रिया केलेले अन्न निर्धोक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये दिला. भारतात १९९४ मध्ये कांदा, बटाटा व मसाल्यांसाठी या प्रक्रियेस परवानगी मिळाली.

‘ग्रे’ हे शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे माप होय. कार्य बदलते तशी मात्रा बदलते. कांद्याचे कोंब रोखण्यास ६० ते ९० ग्रे पुरतात. फळांतील किडींचा बंदोबस्त करण्यास सुमारे ४०० ग्रे, मसाल्यांतील जंतू नष्ट करण्यास काही हजार, तर इंजेक्शनच्या सिरिंज निर्जंतुक करण्यास २५,००० ग्रे लागतात. वैद्यकीय साहित्यासाठी तुर्भे येथे १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ प्रकल्प सुरू झाला. मसाल्यांसाठी वाशी येथे २००० मध्ये, तर कांद्यासाठी लासलगाव येथे २००२ मध्ये ‘कृषक’ हा प्रकल्प उभा राहिला.

कांद्याची मर्यादा

विकिरणाने कांद्याचा कोंब थांबतो. सड थांबत नाही आणि वजनातील घटही टळत नाही. काढणीनंतर काही आठवड्यांतच, कांदा सुप्तावस्थेत असताना, प्रक्रिया व्हावी लागते. कांदा नीट सुकलेला व मान मिटलेला असावा लागतो. सोलापूरच्या बाजारात हिवाळ्यात येणारा लाल कांदा मुळातच टिकाऊ नसतो. म्हणून ही प्रक्रिया प्रामुख्याने साठवणुकीच्या उन्हाळ कांद्यास उपयोगी. तिच्या जोडीला प्रतवारी आणि चांगली कांदाचाळ वा शीतगृह हवेच.

डाळिंबाची वाट

अमेरिकेत भारतीय डाळिंब पाठविताना विकिरण ही प्रवेशाचीच अट आहे. फळाबरोबर परकी कीड जाऊ नये, हा तिचा हेतू. सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सहकार्याने फळ ६० दिवसांपर्यंत टिकविण्याचे तंत्र विकसित झाले. त्यानंतर २०२५ मध्ये ‘भगवा’ जातीच्या सुमारे १४ टन डाळिंबांची पहिली व्यापारी खेप वाशी येथील प्रक्रियेनंतर समुद्रमार्गे अमेरिकेस पोहोचली. विमानभाड्याच्या तुलनेत हा मार्ग स्वस्त असल्याने तिचे महत्त्व विशेष आहे. तथापि, तेल्या रोगाने डागाळलेले फळ विकिरणाने सुधारत नाही. बागेतील निगेस पर्याय नाही.

पुढील आव्हाने

कोबाल्टची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. प्रकल्प चालो वा बंद राहो, दरवर्षी तिचा जवळजवळ आठवा हिस्सा क्षय पावतो. केवळ एका हंगामावर असा प्रकल्प परवडत नाही. वर्षभर पुरेसा माल लागतो. सोलापूरहून वाशी चारशे किलोमीटरच्या घरात असल्याने वाहतूक व हाताळणीचा भारही पडतो. नोंदींची काटेकोरताही तितकीच महत्त्वाची. मे २०२५ मध्ये कागदपत्रांतील त्रुटींचे कारण देऊन अमेरिकेने महाराष्ट्रातून गेलेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा नाकारल्या. फळात दोष नसतानाही माल वाया जाऊ शकतो, हा त्यातील धडा होय.

आणखी एक अडचण गैरसमजाची आहे. विकिरणित अन्नाच्या वेष्टनावर विशिष्ट चिन्ह छापणे बंधनकारक आहे. ते धोक्याचे नसून माहितीचे चिन्ह आहे. शाळांतून शिक्षकांनी हे समजावून सांगितल्यास भीती दूर होईल. पंचायतींनी नव्या प्रकल्पाची मागणी करण्यापूर्वी गावात कोणता माल, किती आणि कोणत्या महिन्यांत उपलब्ध होतो, याचा हिशेब मांडावा. विकिरण वाईट मालास चांगला करीत नाही. चांगल्या मालास थोडा अधिक अवधी आणि थोडी दूरची बाजारपेठ मिळवून देते. या अवधीचा उपयोग करून घेण्याची तयारी मात्र शेतात, चाळीत आणि बाजार समितीतच व्हावयास हवी.