दिवाणी न्यायाची समान संधी आणि मोफत विधी साहाय्य : तरतूद, वास्तव व महाविद्यालयांची भूमिका

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या कलम १४ ने सर्व नागरिकांना कायद्यापुढे समान मानले आहे. परंतु कायद्यापुढील समानता ही न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याच्या समानतेवर अवलंबून असते. ज्याच्याजवळ वकिलाची फी देण्याइतका पैसा नाही, कागद वाचण्याइतके शिक्षण नाही किंवा तालुक्याच्या गावी वारंवार जाण्याइतकी सवड नाही, त्याच्यासाठी हक्क पुस्तकात असतो, व्यवहारात नसतो. ही उणीव दूर करण्यासाठी मोफत विधी साहाय्याची व्यवस्था निर्माण झाली. मोफत विधी साहाय्य म्हटले की आपल्यासमोर बहुधा तुरुंगातील आरोपी उभा राहतो. वास्तविक जमीन, घर, पोटगी, वारसा, भाडेकरार, नुकसानभरपाई यांसारख्या दिवाणी बाबींतच सामान्य माणसाचा कायद्याशी अधिक वेळा संबंध येतो. प्रस्तुत लेखात दिवाणी प्रकरणांतील विधी साहाय्याची तरतूद कोणती, ती गरजूपर्यंत का पोहोचत नाही आणि या बाबतीत महाविद्यालये काय करू शकतात, याचा विचार केला आहे.

विधी साहाय्याची वाटचाल

या कल्पनेचा मुंबईशी जुना संबंध आहे. गरिबांना न्यायालयीन मदत देण्यासाठी १९२४ च्या सुमारास मुंबईत लीगल एड सोसायटी स्थापन झाली. १९४९ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य असल्याचे मत मांडले. सत्तरच्या दशकात न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या समित्यांनी या विचाराला देशव्यापी आराखड्याचे रूप दिले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ समाविष्ट झाले. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, यासाठी राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावे, असे हे कलम सांगते. त्याच्या अंमलबजावणीसाठी संसदेने विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत केला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणूनच हा दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या अधिनियमाने राष्ट्रीय स्तरापासून तालुक्यापर्यंत साखळी उभी केली. राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य प्राधिकरण, जिल्हा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती असे तिचे मुख्य टप्पे आहेत. जिल्हा न्यायाधीश हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. म्हणजे ज्या आवारात दावा चालतो, त्याच आवारात मदत मागण्याची जागाही असते.

हक्क कोणाला व कशाचा?

अधिनियमाचे कलम १२ पात्र व्यक्तींची यादी देते. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व मुले, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी व्यापार किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप वा जातीय अत्याचाराने पीडित झालेल्या व्यक्ती आणि अभिरक्षेतील व्यक्ती यांचा तीत समावेश आहे. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. याशिवाय ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेली कोणतीही व्यक्ती पात्र ठरते. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाबाबत शपथपत्र पुरेसे मानण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावे, एवढीच पुढची अट आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, स्त्री ही केवळ स्त्री म्हणून पात्र आहे. तिच्या पतीचे, वडिलांचे किंवा तिचे स्वतःचे उत्पन्न किती, हा प्रश्न तिला विचारता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अधिनियमातील ‘विधी सेवा’ या संज्ञेची व्याप्ती. न्यायालयातील खटला चालवण्यापुरती ती मर्यादित नाही. कोणत्याही प्राधिकाऱ्यासमोरील वा न्यायाधिकरणासमोरील कार्यवाही आणि कोणत्याही कायदेविषयक बाबीवरील सल्ला यांचाही तीत समावेश होतो. म्हणजेच दावा दाखल होण्यापूर्वी मिळणारा सल्ला हासुद्धा हक्काचाच भाग आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ मध्ये निर्धन व्यक्तींसाठी वेगळी तरतूद आहे. न्यायालय शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्या वादीला त्याखाली शुल्क न भरता दावा दाखल करता येतो आणि त्याला वकील नसल्यास न्यायालय तो नेमून देऊ शकते. मात्र ही सवलत तात्पुरती आहे. वादी हरला तर शुल्क त्याच्याकडूनच वसूल करण्याचा आदेश होतो. ज्या दाव्यांना शुल्क ठरवून दिलेले नाही, तेथे निर्धनतेची कसोटी म्हणून एक हजार रुपयांच्या मालमत्तेची मर्यादा १९७६ पासून संहितेत तशीच आहे. त्यामुळे आज गरजू पक्षकाराचा खरा आधार १९८७ चा अधिनियमच आहे.

हक्क हरवतो कोठे?

तरतूद एवढी व्यापक असताना माणूस वंचित का राहतो, हे समजण्यासाठी एक कल्पित परंतु नेहमीचे उदाहरण घेऊ. एका खेड्यातील विधवेला बेलिफ समन्स देऊन जातो. दिराने जमिनीबाबत दावा लावलेला असतो आणि त्याचा आधार असतो तिच्या अंगठ्याचे एक हक्कसोडपत्र. पतीच्या निधनानंतर ‘सातबाऱ्यावर नाव लावायचे आहे’ असे सांगून हा अंगठा घेतलेला असतो. समन्स हाती पडल्यापासून तीस दिवसांत तिने लेखी कैफियत देणे अपेक्षित असते. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यापुढील मुदतवाढ हा अपवाद होय. ती कागद डब्यात ठेवते. घरातले वडीलधारे ‘बघू’ म्हणतात. वकिलाची फी परवडणार नाही, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलेले असते. ती हजर राहत नाही आणि दावा एकतर्फी चालतो. हुकूमनाम्याची अंमलबजावणी सुरू होते, तेव्हा तिला आपण काय गमावले ते कळते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो; परंतु समन्स रीतसर बजावलेले असल्यास हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीसच दिवसांची मुदत असते आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवावे लागते.

या संपूर्ण काळात ती कलम १२ नुसार पात्र होती. तालुका विधी सेवा समिती त्याच न्यायालयाच्या आवारात होती. फसवणुकीने घेतलेल्या संमतीचा बचाव कायद्यात होता. तिचा पराभव पुराव्याच्या अभावी झाला नाही. आपल्याला मदत मागता येते हे ठाऊक नसल्यामुळे झाला. दिवाणी प्रकरणांत हक्क हरवण्याची जागा बहुधा हीच असते. न्यायाधीशासमोर युक्तिवाद सुरू होण्यापूर्वीच, समन्स किंवा नोटीस न वाचता बाजूला ठेवली जाते त्या दिवशी, निकालाची दिशा ठरते.

फौजदारी व दिवाणी व्यवस्थेतील अंतर

फौजदारी प्रकरणांत परिस्थिती तुलनेने बरी आहे. हुसेनआरा खातून प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोफत विधी सेवा हा कलम २१ च्या कक्षेतील हक्क मानला. १९८१ च्या खत्री प्रकरणात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. आरोपीने मागणी केली नाही म्हणून हा हक्क नाकारता येणार नाही आणि त्याची माहिती आरोपीला देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. ज्याला हक्क माहीत नाही तो मागणार कसा, हा त्यामागील साधा तर्क होता. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयेही सुरू झाली आहेत. या पूर्णवेळ योजनेचा रोख मात्र फौजदारी कामावर आहे. दिवाणी प्रकरणांची भिस्त पॅनेलवरील वकिलांवर राहिली आहे.

दिवाणी दाव्यात पक्षकाराला अटक होत नाही, त्याला कोणी न्यायाधीशासमोर आणून उभे करत नाही. त्यामुळे हक्काची माहिती आपोआप मिळण्याचा टप्पाच येत नाही. विधवेची जमीन जाणे हे कैदेपेक्षा सौम्य संकट आहे, असे म्हणता येईल काय? उपजीविका गमावणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींतील अंतर फार मोठे नसते.

असे असले तरी उपाय आपल्याच कायद्यात सापडतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधील उपाय मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे आहेत. त्याच्या कलम ५ ने पोलीस अधिकारी, संरक्षण अधिकारी, सेवा पुरविणारी संस्था आणि दंडाधिकारी यांच्यावर एक कर्तव्य सोपवले आहे. पीडित स्त्रीला मोफत विधी सेवेच्या हक्काची माहिती त्यांनी दिली पाहिजे. हेच तत्त्व सर्व दिवाणी समन्सांना लागू करण्यास तात्त्विक अडचण दिसत नाही. प्रत्येक समन्साच्या वरच्या बाजूस ठळक व सोप्या मराठीत चार ओळी असाव्यात : उत्तर देण्याची शेवटची तारीख, मोफत वकील मिळण्यास कोण पात्र आहे, तालुका समितीचा पत्ता आणि १५१०० हा मदत क्रमांक. जिल्हा व तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालावे, असे राज्याने १९९८ मध्येच ठरवले आहे. तेव्हा ही अपेक्षा अवाजवी नाही.

लोकन्यायालय : उपयोग आणि मर्यादा

१९८२ मध्ये गुजरातमधील ऊना येथे सुरू झालेल्या लोकन्यायालयाच्या प्रयोगाला १९८७ च्या अधिनियमाने वैधानिक स्थान दिले. तेथे तडजोड झाल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. वेळ व पैसा वाचवणारा हा मार्ग निश्चितच उपयुक्त आहे. परंतु लोकन्यायालय न्यायनिर्णय करत नाही, ते केवळ तडजोड नोंदवते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जालौर सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपील नसल्यामुळेच तडजोडीपूर्वीचा सल्ला महत्त्वाचा ठरतो. आपला कायदेशीर हिस्सा किती, हे ज्याला माहीत नाही, त्याची तडजोड ही बऱ्याचदा माघारच असते. म्हणून लोकन्यायालय हा विधी साहाय्याला पर्याय नव्हे; सल्ला मिळाल्यानंतरचा तो एक मार्ग आहे.

अनिता कुशवाह प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने न्यायाची उपलब्धता हा कलम १४ व २१ खालील मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्याची चार अंगेही न्यायालयाने नमूद केली : परिणामकारक न्याययंत्रणा, अंतराच्या दृष्टीने ती जवळ असणे, जलद निर्णय आणि परवडणारा खर्च. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र व दक्षिण कोकणातील सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांसाठी यांपैकी दुसऱ्या अंगाला काही अर्थ आला. परंतु इमारत जवळ आली तरी माहितीचे अंतर आपोआप कमी होत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

हे अंतर कमी करण्यास महाविद्यालये उत्तम स्थितीत आहेत. विधी महाविद्यालयांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच महाराष्ट्राच्या संदर्भात महत्त्वाचा निर्णय दिला होता. मनुभाई वशी प्रकरणात कलम २१ व ३९-अ यांच्या आधारे, मान्यताप्राप्त खासगी विधी महाविद्यालयांनाही इतर विद्याशाखांप्रमाणे अनुदान द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. पुरेसे प्रशिक्षित वकील नसतील तर विधी साहाय्य पोकळ ठरेल, हा त्यातील मुद्दा होता. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी विधी महाविद्यालयांत साहाय्य केंद्र आवश्यक केले आहे.

मात्र हे काम केवळ विधी शाखेचे नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनांत इतर शैक्षणिक संस्थांमध्येही विधी सेवा केंद्रे चालवण्यास वाव आहे. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या घरांतून येतात, तेथे समन्स, बँकेच्या नोटिसा आणि महसुली कागद येतच असतात. घरातील तो कागद वाचू शकणारी पहिली व्यक्ती अनेकदा हा विद्यार्थीच असतो. म्हणून पुढील उपक्रम सुचवावेसे वाटतात :

१) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ‘कागद वाचा’ हे सत्र घ्यावे. समन्स, नोटीस, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र यांचे नमुने वाचून त्यांतील तारीख, पक्षकार व परिणाम ओळखण्याचा सराव करून घ्यावा.

२) तालुका विधी सेवा समितीशी संपर्क ठेवून महाविद्यालयात ठरावीक दिवशी सल्ला केंद्र चालवावे. सल्ला वकिलांनीच द्यावा. विद्यार्थ्यांनी अर्ज भरणे व सोबत जाणे एवढेच काम करावे.

३) मराठी विभागाने न्यायालयीन परिभाषेची सोप्या मराठीतील पुस्तिका तयार करावी. ‘कैफियत’, ‘हुकूमनामा’, ‘मनाई हुकूम’ हे शब्द समजणे ही न्यायाची पहिली पायरी आहे.

४) समाजशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील किती पात्र कुटुंबांना या हक्काची माहिती आहे, याची पाहणी करून निष्कर्ष जिल्हा प्राधिकरणाकडे द्यावेत.

समारोप

दिवाणी न्यायाच्या समान संधीसाठी आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. घटनात्मक आधार, व्यापक पात्रता आणि तालुक्यापर्यंतची यंत्रणा उपलब्ध आहे. उणीव आहे ती हक्क आणि हक्कदार यांच्यातील दुव्याची. फौजदारी कायद्यात हा दुवा न्यायालयाने निर्माण केला, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संसदेने. इतर दिवाणी प्रकरणांतही तो निर्माण व्हावा, अशी मागणी अभ्यासकांनी सातत्याने करणे आवश्यक आहे. ती मान्य होईपर्यंत, डब्यात ठेवलेला कागद मुदतीच्या आत बाहेर काढून वाचणारा एक विद्यार्थी प्रत्येक घरात तयार करणे, हे काम आपल्याला आजच सुरू करता येईल.