मानेवरचा कॅमेरा

विमानातून उडी मारलेल्या माणसाचा चेहरा अगदी जवळून दाखवणारी दृश्यं आता मोबाइलवरही येतात. वाऱ्यानं गाल थरथरताहेत, चष्म्यामागचे डोळे विस्फारलेत, मागे शेतांचे चौकोन हळूहळू मोठे होताहेत. पाहणारा त्या माणसाच्या हिमतीला दाद देतो. पण ते दृश्य टिपणारा कुठे होता? तोही त्याच वेळी, त्याच वेगानं, दोन-चार हात अंतरावर पडत होता. त्याच्या डोक्यावर कॅमेरा होता आणि त्याला तिथं चोख काम करायचं होतं.

पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडमधल्या पट्टाया इथं त्यांनी नऊवारी नेसून सुमारे 13,000 फुटांवरून उडी मारली. सव्वाआठ मीटरची ती साडी हवेत फडफडतानाची छायाचित्रं मराठी घराघरांत पोचली. अंगावर असं जास्तीचं कापड असलं की वाऱ्याचा अडसर वाढतो आणि पडण्याचा वेग बदलतो. अशा वेळी समोरच्या कॅमेरावाल्याला तोच वेग स्वतःच्या अंगानं गाठावा लागतो. त्या छायाचित्रांकडे मी आता या दृष्टीनं पाहतो.

मी खांद्यावर कॅमेरा वाहिलेला माणूस. नागपुरातली लग्नं, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. गर्दीत कितीही धक्के बसले तरी फ्रेम हलू द्यायची नाही, हे आमचं शिक्षण. नोव्हेंबर 2022 मध्ये वायुसेनानगरात एअर फेस्ट झाला, तेव्हा हवाई दलाच्या 'आकाशगंगा' पथकाचे जवान उतरताना मी मैदानातून पाहत होतो. माझ्या आजूबाजूला शेकडो मोबाइल वर रोखलेले होते आणि त्या सगळ्यांत एकच चित्र येत होतं: आभाळात रंगीत ठिपका. जमिनीवरून इतकंच मिळतं. लेन्स कितीही लांबची लावली तरी माणसाचा चेहरा मिळत नाही, आणि पॅराशूट उघडण्याआधीचं मिनिट तर जवळजवळ हातातून निसटतंच. ते हवं असेल तर कॅमेऱ्यालाच उडी मारावी लागते.

अशा उड्या मारणारा एक मुलगा धरमपेठेत राहतो. आपल्याकडे नागपुरात रोज उड्या चालतात असा नागरी ड्रॉप झोन नाही, म्हणून तो हंगामभर परदेशात काम करतो. प्रवाशाला छातीशी बांधून प्रशिक्षक उडी मारतो, तिला टँडम म्हणतात. या मुलाचं काम त्या जोडीचं चित्रण करायचं. दिवाळीत तो घरी आला, तेव्हा मी त्याच्याकडे जाऊन बसलो.

त्यानं पिशवीतून हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. कार्बन फायबरचं, माथ्यावर सपाट. त्या सपाट भागावर स्टिल कॅमेरा स्क्रूनं घट्ट बसवलेला, शेजारी व्हिडिओचा छोटा कॅमेरा. उजव्या डोळ्यासमोर येईल अशी एका बारीक दांडीवर काचेची चकती. तिला रिंग साइट म्हणतात. तिच्यातून पाहिलं की एकात एक गोल दिसतात आणि मधला गोल कॅमेऱ्याच्या फ्रेमचा मध्य दाखवतो. शटर दाबायला हात मोकळे नसतात, म्हणून एक वायर तोंडापर्यंत येते. तिच्या टोकाचा स्विच दातांत धरायचा. चावला की फोटो निघतो. लेन्स रुंद कोनाची, कारण सगळं काम जवळूनच होतं. फोकस आधीच ठरवून रिंगवर काळी टेप मारलेली. ऑटोफोकसवर त्याचा भरवसा नाही. समोर ढग, ऊन, फडफडणारं कापड काहीही येतं आणि कॅमेरा नेमका त्यालाच धरून बसतो.

हेल्मेट डोक्यावर चढवून तो भिंतीसमोर उभा राहिला. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या एका तारखेवर त्यानं मधला गोल आणला आणि कॅमेऱ्यानं काढलेला फोटो मला बघायला सांगितला. तारीख फ्रेमच्या किंचित डावीकडे होती. त्यानं चकती केसभर फिरवली, पुन्हा फोटो, पुन्हा थोडी फिरवली. उडीच्या प्रत्येक दिवशी सकाळी हे करावंच लागतं. वर गेल्यावर कॅमेऱ्यात डोकावून पाहायची सोय नाही. रिंग चुकली असेल तर सगळ्या उड्यांत माणसाचं डोकं कापलेलं येतं, आणि हे कळतं ते खाली आल्यावर.

मग ते हेल्मेट त्यानं माझ्या डोक्यावर ठेवलं. सगळं मिळून अडीच-तीन किलो असेल. सात-आठ किलोचा बीटाकॅम मी दिवसदिवस खांद्यावर वागवला आहे, पण हे वजन वेगळं. खांदा ओझं अंगावर वाटून देतो. इथं सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो आणि तोही वरच्या बाजूला, त्यामुळे मान जरा कलली की डोकं त्या दिशेला ओढलं जातं. डोक्यावर भरला हंडा घेऊन चालणारी बाई मान जशी ताठ ठेवते, तशीच याला पॅराशूट उघडताना ठेवावी लागते.

माझ्या मते मोठ्या कॅमेऱ्याचा खरा प्रश्न हाच आहे. ताशी 190 किलोमीटरनं पडणारा माणूस पॅराशूट उघडल्यावर तीन-चार सेकंदांत ताशी वीस किलोमीटरच्या आसपास येतो. त्या काही क्षणांत अंगावरच्या प्रत्येक गोष्टीचं वजन दुपटीहून जास्त होतं, आणि मधल्या एखाद्या झटक्याला त्याहूनही कितीतरी अधिक. तीन किलोचं हेल्मेट क्षणभर दहा-बारा किलोंचं होतं. त्या वेळी खाली किंवा बाजूला पाहत असाल तर मान दुखावते. म्हणून कॅमेरावाले हळू उघडणारं पॅराशूट निवडतात, घडी घालताना त्याची फार काळजी घेतात आणि उघडण्याच्या क्षणी समोर क्षितिजाकडे बघतात. समोर कितीही सुंदर दृश्य चाललेलं असो, तिकडे वळायचं नाही.

दुसरा धोका अडकण्याचा. पॅराशूटच्या दोऱ्या उलगडत वर जातात, तेव्हा हेल्मेटवर बाहेर आलेली कोणतीही कड, स्क्रू किंवा दांडी त्यांना अडवू शकते. त्यासाठी हनुवटीखालचा कप एका ओढीत सुटेल असा असतो. दोरी अडकली तर कॅमेऱ्यासकट हेल्मेट फेकून द्यायचं. लाखभराहून जास्त किमतीची सामग्री त्या वेळी हातातून सोडण्याची तयारी आधीपासून मनात हवी. मी कॅमेऱ्याकडेच निरखून बघत होतो, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही कॅमेरा पाहून राहिले दादा, पण मी पहिले हँडल पाहतो."

हँडल म्हणजे पॅराशूटची. मुख्य पॅराशूट उघडण्याची, बिघडल्यास तोडून टाकण्याची आणि राखीव पॅराशूटची. विमानात चढण्याआधी, वर जाताना आणि दार उघडण्याआधी तो ती हातानं चाचपतो. कॅमेरा सुरू आहे का, हे त्यानंतर. या क्रमामागे एक दुःखद प्रसंग आहे. एप्रिल 1988 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात, आठशेहून जास्त उड्या मारलेल्या एका कॅमेरावाल्यानं प्रशिक्षक आणि विद्यार्थ्याचं चित्रण करायला उडी मारली आणि त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हतं. त्या काळी कॅमेरा हेल्मेटवर आणि रेकॉर्डर वेगळा, पाठीवरच्या पिशवीत असे. पाठीवरच्या ओझ्यामुळे पॅराशूट बांधल्याचा भास झाला असावा, असं तेव्हा बोललं गेलं. चित्रण त्याच्या हातून अखेरपर्यंत चालू होतं. इतका अनुभवी माणूस चित्राच्या विचारात स्वतःला विसरला, याचा विचार केला की मला आजही कसंतरी होतं.

म्हणूनच युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची शिफारस आहे की निदान 200 उड्या झाल्याशिवाय कॅमेरा घेऊन उडी मारू नये. छोटे ॲक्शन कॅमेरे आल्यापासून हा नियम नवख्यांना जाचक वाटतो. इवलासा तर आहे, काय होतंय, असं म्हणतात. मला तो नियम योग्य वाटतो. दोरी अडकायला लहान कॅमेराही पुरतो, आणि मनाचं एक टोक चित्राकडे गेलं की उंचीवरचं लक्ष उडतं, ते कॅमेऱ्याच्या आकारावर अवलंबून नसतं.

आता हवेतलं काम. त्यानं लॅपटॉपवर न कापलेलं चित्रण लावलं आणि मी ते थांबवत थांबवत पाहिलं. विमानाचं दार उघडतं आणि कॅमेरावाला आधी बाहेर पडतो. दाराबाहेरची पायरी आणि दांडी धरून तो पंख्याच्या वाऱ्यात लोंबकळत राहतो. आतली जोडी दारात येते, डोलते, तिसऱ्या डोलाला सुटते, आणि तोही त्याच क्षणी दांडी सोडतो. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी पाच-सहा मीटरचं अंतर पडतं आणि दारातला तो पहिला चेहरा कायमचा गेला. पहिल्या दहा सेकंदांत साधारण हजार फूट, पुढे दर पाच सेकंदांना हजार फूट. तेरा हजारांवरून निघून पाच हजारांवर पॅराशूट उघडायचं, तर हाताशी असतं पाऊणएक मिनिट.

इथं कॅमेरा हलवणं असं काही नसतं. तो डोक्याला बांधलेला आहे. पुढे जायचं तर पाय ताणायचे, वर राहायचं तर हात पसरायचे. त्याच्या सूटला मनगटापासून कमरेपर्यंत कापडाचे पंख शिवलेले असतात. ते फुगवले की पडणं मंदावतं, मिटले की वाढतं. झूम हवा असेल तर स्वतः जवळ जायचं. टँडमच्या बरोबर वर मात्र कधीही जायचं नाही. पडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे हवेचा पोकळ, घुसळलेला पट्टा तयार होतो. त्यात शिरलेल्याला हवेचा आधार मिळत नाही आणि तो थेट खालच्यावर आदळतो.

चित्रणात शेवटी जोडीचं पॅराशूट उघडतं आणि ती झपकन वर फेकली जाताना दिसते. आपण सगळ्यांनी सिनेमात हे पाहिलंय, 2011 च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधल्या स्पेनच्या उड्या आठवा. प्रत्यक्षात वर कोणीच जात नाही. जोडी थबकते आणि कॅमेरावाला मात्र पडतच राहतो. म्हणजे त्या दृश्यात जो वेग दिसतो, तो टिपणाऱ्याचा असतो.

सिनेमावाल्यांना याहून मोठे कॅमेरे लागतात. 1969 च्या 'द जिप्सी मॉथ्स'साठी कार्ल बोनिश यांनी हेल्मेटवर फिल्मचे कॅमेरे बांधून हे तंत्र पुढे नेलं. 1979 च्या 'मूनरेकर'मध्ये बाँड पॅराशूटविना पडतो. त्या प्रसंगासाठी पॅनाव्हिजनचा हलका कॅमेरा आणि काचेऐवजी प्लास्टिकची लेन्स वापरली, तरी 88 उड्या लागल्या; एका उडीत उपयोगाचे काही सेकंदच मिळतात. 2018 च्या 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट'साठी कॅमेरावाले क्रेग ओब्रायन सी-17 विमानाच्या मागच्या दारातून उलटे, पाठ बाहेरच्या बाजूला करून पडले, कारण टॉम क्रूझ समोरून धावत येताना दिसायला हवा होता. पुढे क्रूझ यांना हवेत कॅमेऱ्यापासून सुमारे तीन फुटांवर येऊन थांबायचं होतं, नाहीतर चेहरा फोकसमध्ये राहिला नसता. हवा होता संध्याकाळचा संधिप्रकाश, त्यामुळे दिवसाला एकच प्रयत्न. तो फसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

हवामानही कामात खोडा घालतं. उंचीवर दर हजार फुटांना साधारण दोन अंश तापमान उतरतं. नागपुरात हिवाळ्याच्या दुपारी 26 अंश असेल, तर तेरा हजार फुटांवर शून्याच्या आसपास. बॅटरी गारठते, आणि गार झालेली लेन्स खालच्या दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते. त्या मुलाच्या खिशात तीन गोष्टी कायम असतात: जादा बॅटरी, मऊ कापड आणि टेपचा तुकडा.

मला सर्वांत भावलं ते कॅमेरावाल्याचं स्पर्धांमधलं स्थान. चौघांच्या फॉर्मेशन स्पर्धेत संघ पाच जणांचा असतो, पाचवा कॅमेरावाला. चौघं 35 सेकंदांत हवेत एकमेकांना धरून ठरलेल्या आकृत्या करतात, आणि पंच गुण देतात ते त्याच्या चित्रणावरून. एखादी पकड फ्रेमबाहेर गेली तर ती झालीच नाही असं धरलं जातं. चौघांचे वर्षभराचे कष्ट एका माणसाच्या मानेवर असतात, आणि पदक मिळालं तर तेही पाचही जणांना. आमच्या धंद्यात असा मान मी कुठे पाहिलेला नाही.

टँडमच्या उडीनंतरही त्या मुलाचं काम संपत नाही. त्याचं पॅराशूट लहान असल्यानं तो जोडीच्या आधी जमिनीवर पोचतो, दोऱ्या गोळा करतो आणि धावत उतरण्याच्या जागी जातो, कारण प्रवाशाचे पाय टेकतानाचं दृश्य त्यालाच घ्यायचं असतं. मग हसणाऱ्या-रडणाऱ्या माणसाला विचारायचं, कसं वाटलं. कार्ड काढून संगणकावर टाकायचं, बॅटरी बदलायची, लेन्स पुसायची आणि फरशीवर बसून पॅराशूटची घडी घालायची. ती घडी तो दुसऱ्या कोणाला घालू देत नाही. पुढच्या विमानाची हाक येईपर्यंत हे सगळं उरकलेलं हवं.