फरशीखालचा लाडू

एका वाचकाचा प्रश्न आहे : परसातली उंचसखल जागा भर घालून सारखी केली, वर शहाबादी फरशी बसवली. एकाच पावसाळ्यात निम्मी फरशी खचली, काही लाद्या मधोमध तडकल्या. दगड कच्चा निघाला का?

दगडाला दोष देऊ नका. शहाबादी हा भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात थरावर थर साचून तो घडला, म्हणूनच त्याच्या अशा सपाट लाद्या सुटतात. दाब तो सहज पेलतो, पण वाकणे कुठल्याच दगडाला फारसे सोसत नाही. उतारावर उंचवट्याची माती छाटली की तिथे मूळची घट्ट जमीन लागते, सखल बाजूला मात्र ताजा भराव असतो. भराव बसतो, जमीन बसत नाही. दोहोंच्या सीमेवरची लादी अधांतरी होते आणि पाय पडताच तडकते.

भराव बसतो तो आतल्या हवेमुळे. ही हवा काढायचे शास्त्र ज्याने मांडले, त्या राल्फ प्रॉक्टरबद्दल मला फार आदर आहे. 1928 मध्ये लॉस एंजेलिसचे सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेहून अधिक माणसे गेली. पुढे त्याच शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी मातीची धरणे बांधताना प्रॉक्टरने भरावाचा बारकाईने अभ्यास केला आणि 1933 मध्ये निष्कर्ष छापले : माती किती घट्ट बसणार, हे ठोक्यांइतकेच तिच्यातल्या पाण्यावर ठरते.

बेसनाचा लाडू वळणाऱ्याला हे लगेच पटेल. तूप कमी पडले तर लाडू फुटतो, जास्त झाले तर बसतो. भरावाच्या मुरमाचेही तसेच. कोरडे कण एकमेकांना अडून राहतात. थोडे पाणी मिळाले की ते सरकतात, फटींत शिरतात, हवा बाहेर पडते. पाणी जास्त झाले तर फटी पाण्यानेच भरतात. पाणी दाबले जात नाही, मग कितीही धुम्मस मारा, मुरूम नुसता हलतो. स्थापत्यशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ‘प्रॉक्टर चाचणी’ करतो, पण मृदायांत्रिकीचे जनक म्हणून नाव घेतले जाते ते कार्ल तर्झागींचे. तर्झागी थोरच, पण आपल्या अंगणाखाली काम करतो तो प्रॉक्टर.

चाचणी घरीही जमते. ओलसर मुरूम मुठीत दाबा. गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. असा मुरूम चार-सहा इंचांच्या थरांनी घाला आणि प्रत्येक थर चोपूनच पुढचा टाका. एकदम फूटभर ओतला तर ठोका तळापर्यंत पोचत नाही. काळी माती असेल तर आधी ती खणून काढा. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरची फरशी उचलते. मग पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने घरापासून बाहेरच्या बाजूला सहा फुटांस एक इंच ढाळ धरा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, तेवढे पाहा. शेवटी चुऱ्याचा पातळ थर अंथरा. लाद्यांची कमीजास्त जाडी तो सांभाळून घेतो.

फरशी निवडायला आपण चार दुकाने हिंडतो. तिच्याखालचा मुरूम चोपला जात असताना मात्र एक दिवस जागेवर उभे राहा. फरशीचे आयुष्य त्याच दिवशी ठरते.