कॉर्नफ्लॉवर आणि नॅपवीड : लाड कमी, फुलं जास्त

दिवाळीच्या आगेमागे बियाण्यांच्या दुकानांत थंडीच्या हंगामी फुलांची पाकिटं येतात, त्यांत निळ्या कॉर्नफ्लॉवरचंही असतं. मूळचं हे युरोपातल्या गव्हाच्या शेतांतलं तण. शेत दरवर्षी नांगरलं जायचं आणि पिकाबरोबर हेही उगवायचं. नॅपवीड ही त्याची सेंटॉरिया गटातली भावंडं. पण दोघांची तऱ्हा वेगळी आणि बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : भरपूर खत घातलं की भरपूर फुलं.
वस्तुस्थिती : नत्र जास्त झालं की पाला माजतो, देठ कोवळे राहतात आणि झाड लवंडतं. कॉर्नफ्लॉवरला साधी, निचऱ्याची माती आणि दिवसभराचं ऊन पुरतं. सुकलेली फुलं खुडत राहिलं, तर नव्या कळ्या येत राहतात.

गैरसमज : आधी ट्रेमध्ये रोपं करावीत, मग वाफ्यात लावावीत.
वस्तुस्थिती : याला सोटमूळ असतं आणि ते दुखावलेलं झाडाला सोसत नाही. बी थेट जागेवर, साधारण १ सेंमी खोल पेरून मातीनं झाकावं. अंधारात ते चांगलं रुजतं. नंतर २० ते २५ सेंमी अंतर ठेवून विरळणी करावी. महाराष्ट्रात पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं, की अडीच-तीन महिन्यांत फुलं येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर झाड वाळतं, तो रोग नव्हे. ते एका हंगामाचंच झाड आहे.

गैरसमज : निळा रंग मातीच्या आम्लतेवर ठरतो.
वस्तुस्थिती : हायड्रेंजियाचा रंग मातीप्रमाणे बदलतो, कॉर्नफ्लॉवरचा नाही. इथे एक मोठा शास्त्रज्ञही चकला होता. रिखार्ड विल्स्टेटर यांनी १९१३ मध्ये या फुलातून सायनिडिन वेगळं केलं. लाल गुलाबातही तेच रंगद्रव्य सापडल्यावर, कॉर्नफ्लॉवरचा पेशीरस अल्कधर्मी असल्यानं ते निळं दिसतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं, पण हा निष्कर्ष टिकला नाही. पेशीरस आम्लधर्मीच निघाला. रंगद्रव्याचे रेणू लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याशी बांधले जातात, म्हणून फूल निळं दिसतं. या बांधणीची नेमकी रचना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. गुलाबी, पांढरी, गर्द जांभळी फुलं हवी असतील, तर तसे वाण निवडावे लागतात.

गैरसमज : गवतावर बी एकदा उधळलं की दरवर्षी ताटवे फुलतात.
वस्तुस्थिती : कॉर्नफ्लॉवरला उकरलेली, मोकळी माती लागते, दाट गवतापुढे ते हरतं. बियाण्याची चाळणी सुधारली आणि तणनाशकं आली, तेव्हा विसाव्या शतकात ब्रिटनच्या शेतांतूनही ते जवळपास गेलं. तिथल्या बागेत गवतातच फुलं हवी असतील, तर बहुवर्षायू नॅपवीड लावावं. सेंटॉरिया नायग्रा गवताला टक्कर देत वर्षानुवर्षं टिकतं. सेंटॉरिया स्कॅबिओसाची मुळं खोल जातात आणि चुनखडीची कोरडी जमीन त्याला मानवते.

गैरसमज : माउंटन कॉर्नफ्लॉवरवर भुरी आली म्हणजे झाड संपलं.
वस्तुस्थिती : युरोपच्या डोंगरांतलं हे बहुवर्षायू झाड बहरानंतर असं मरगळतंच. जमिनीलगत छाटून पाणी दिलं की नवी पालवी फुटते, पुन्हा फुलंही येऊ शकतात. थंड हवेतलं हे झाड आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मात्र तग धरत नाही.

गैरसमज : नॅपवीड म्हणजे तण, दिसलं की उपटा.
वस्तुस्थिती : कुठलं आणि कुठे, हे आधी बघायला हवं. ब्रिटनमध्ये स्थानिक नॅपवीडवर मधमाश्या आणि फुलपाखरं पोसतात, गोल्डफिंच पक्षी त्याचं बी खातात. उत्तर अमेरिकेत मात्र बाहेरून आलेल्या ठिपकेदार नॅपवीडनं मोठी कुरणं व्यापली आहेत. याच गटातलं पिवळं स्टार-थिसल सतत खाल्ल्यानं घोड्यांच्या मेंदूला कायमची इजा होते. बागेत शोभेसाठी लावला जाणारा पिवळा सेंटॉरिया मॅक्रोसेफालाही वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्यांनी बी मागवण्याआधी आपल्या राज्याची यादी जरूर पाहावी.