शुक्राणू कुठून काढले? आधी विचारा, का अडले?

लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की राहाता, लोणी, शिर्डीकडे काय किंवा पुण्या-मुंबईत काय, आधी सुनेची सोनोग्राफी होते. नवसही तिनेच बोलायचा. मुलाच्या वीर्याची तपासणी फार उशिरा होते, आणि हा अन्याय आहे. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं.

वीर्यात शुक्राणूच नाहीत, असा ‘निल’ रिपोर्ट आला की माणूस खचतो. पण काहींत शुक्राणू तयार होतात, फक्त वाट बंद असते. ते सुईने मिळतात. काहींत मुळात तयारच जेमतेम होतात. तेव्हा सर्जन वृषण उघडून मायक्रोस्कोपखाली बारीक नलिका चाळतो आणि त्यातली जरा जाड, पांढरट नलिका उचलतो. शुक्राणू सापडले तर बहुधा तिथेच. मग इक्सी. काचेच्या सुईने शेपटी दाबून शुक्राणू निश्चल करायचा, सुईत ओढायचा आणि थेट स्त्रीबीजात सोडायचा. १९८६ मध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा ही सोय नव्हती. इक्सीच्या पहिल्या बाळांची माहिती ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये दिली.

‘असे काढलेले शुक्राणू, मग बाळ धड होईल ना?’ हा प्रश्न घरोघरी पडतो. भ्रूणात गुणसूत्रांची संख्या चुकते ती बहुतेक वेळा स्त्रीबीजातून, बाईच्या वयाबरोबर. शुक्राणू कुठून काढले, याचा त्यात वाटा कमी. अडचण का आली, हे मात्र महत्त्वाचं. वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असेल, तर तो दोष होणाऱ्या मुलग्याकडे जातो. भ्रूणाची गुणसूत्रं मोजणारी नेहमीची तपासणी तो पकडत नाही. वाय गुणसूत्राचे काही ठरावीक भाग पूर्ण गळाले असतील, तर शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते, मग शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्रास कशाला? शुक्रवाहिनी जन्मतः नसेल, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची तपासणी नवऱ्याबरोबर बायकोचीही हवी.

या तपासण्या रक्तावर होतात. म्हणून ‘निल’ रिपोर्ट हातात आला, की शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा : कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांची तपासणी, आणि वाय गुणसूत्राची तपासणी झाली का?