"मला काहीच अनुभव नाही" म्हणणाऱ्या मुलांना बोलतं करूया : नोकरीसाठी संवादकौशल्य



बारावी, आयटीआय किंवा पदवी झाली की आपल्या डोणगाव-मेहकर भागातली कितीतरी मुलं वाळूज, चाकण, रांजणगाव नाहीतर बुटीबोरीची वाट धरतात. मार्क बरे असतात, कागदपत्रांची फाईल तयार असते. पण मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की नाव, गाव, शिक्षण सांगून मुलगा गप्प होतो. "अनुभव काय?" या प्रश्नाला उत्तर येतं, "काही नाही सर."

खरंच काही नाही का? हाच मुलगा सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो, वजनकाटा पाहतो, हिशोबाची पट्टी तपासतो. कोणी दोन वर्षं मामाच्या किराणा दुकानात उधारीची वही सांभाळलेली असते. एखादी मुलगी आईच्या बचत गटाचे हप्ते लिहून ठेवत असते. काम केलेलं आहे, पण ते सांगायची सवय नाही. म्हणून आजचा हा लेख.

मुलं गप्प का राहतात?

याचं एक कारण आपल्या घरात आणि वर्गातच आहे. बँकेत खातं उघडायला गेलो की साहेब प्रश्न मुलाला विचारतात आणि उत्तर वडील देतात. दवाखान्यात पोट मुलीचं दुखतं, सांगते आई. कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म भरायला काका पुढे. वर्गातही नेहमीचे चार हात वर होतात, बाकीच्यांचं एकसुरात "हो सर!" अठरा वर्षं आपण त्यांच्या वतीने बोलतो आणि एकोणिसाव्या वर्षी "नीट बोलता येत नाही" म्हणून रागावतो.

काही पालक म्हणतात, "सरकारी नोकरीत आता मुलाखत नसतेच." केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब पदांसाठी मुलाखत बंद केली, हे खरं. पण राज्यसेवेला मुलाखत आहे, कंपन्यांमध्ये आहे. आणि नोकरी लागल्यावर रोज लोकांशी बोलावंच लागतं.

१. आधी अनुभव शोधायला शिकवा

मुलांना वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा :

- मी कोणतं काम केलं?
- किती दिवस, किती वेळा, किती प्रमाणात केलं?
- अडचण आली तेव्हा मी काय केलं?

"मी दुकानात बसायचो" याऐवजी मग वाक्य असं येईल : "मी दोन वर्षं सुट्टीत किराणा दुकान सांभाळलं. रोज रात्री गल्ला आणि उधारीची वही जुळवत होतो. हिशोब चुकला तर सगळ्या नोंदी पुन्हा तपासायचो." यात खोटं काही नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की मुलगा हिशोबी आणि जबाबदार आहे.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिना ६ ते १० हजार रुपये विद्यावेतनावर मुलांनी कार्यालयांत, शाळांत काम केलं. त्यांनाही हेच सांगा. "ऑफिसात होतो" एवढं पुरेसं नाही. अर्ज नोंदवले, की संगणकावर माहिती भरली, की लोकांना फॉर्म भरायला मदत केली, ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

२. फोनवर बोलणं

पुष्कळदा पहिली मुलाखत फोनवरच होते, आणि आपल्या मुलाला ती मुलाखत आहे हे माहीतही नसतं. अनोळखी नंबर आला की "कोण पाहिजे?" असं दरडावून विचारलं जातं. त्याऐवजी : "नमस्कार, मी अमुक बोलतोय." गाडीवर किंवा गोंगाटात असाल तर "सर, दहा मिनिटांत मी फोन करू का?" असं विचारावं आणि दहा मिनिटांत खरोखर करावा. पत्ता, तारीख, वेळ लगेच लिहून घ्यावी आणि वाचून दाखवावी.

३. अर्ज आणि ई-मेल

हे तर आपण शिकवतोच! दहावीच्या कुमारभारतीत उपयोजित लेखनात ई-मेल पद्धतीचं पत्र आहे : दिनांक, प्रति, विषय, महोदय, मजकूर, शेवटी नाव-पत्ता. पण मुलं ते मार्कांपुरतं पाठ करतात. वर्षातून एकदा तरी खरा ई-मेल पाठवून घ्या. शाळेच्याच पत्त्यावर पाठवला तरी चालेल. मग खऱ्या चुका दिसतात : विषय रिकामा, फाईल जोडायची राहिली, ई-मेल आयडीत 'किंग' नाहीतर 'डॉन'. आयडी स्वतःच्या नावाचा हवा. बायोडाटा एका पानाचा पुरे, आणि त्यात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

४. मुलाखतीचा सराव

बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीमध्ये 'मुलाखत' हा घटक आहे. तिथे विद्यार्थी मुलाखत घेणारा असतो. याचा छान उपयोग होतो. एकाने प्रश्न काढायचे, दुसऱ्याने उत्तरं द्यायची, मग खुर्च्या बदलायच्या. प्रश्न विचारणाऱ्याला काय ऐकायचं असतं, ते प्रश्न काढताना आपोआप कळतं.

येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण शिकून घेईन" म्हणावं. ठोकून देऊ नये. पगाराच्या प्रश्नावर "तुम्ही द्याल तो" हे उत्तर नको. तशा कामाला काय मिळतं याची आधी चौकशी करून आकडा सांगावा.

आता भाषेबद्दल. "मले येते" म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी आपली मुलं घेतात, ते संत गाडगेबाबा वऱ्हाडीतच कीर्तन करत, समोरच्यांना प्रश्न विचारून बोलतं करत. घरी वऱ्हाडी, मुलाखतीत प्रमाण मराठी, जिथे गरज तिथे हिंदी-इंग्रजी, असं मुलांना सरावाने जमतं. लाज वाटायला लागली की मात्र तोंडच बंद होतं.

५. प्रश्न विचारणं हेही कौशल्यच

नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची? हातात पगार किती? पीएफ कापतात का? शिफ्ट कोणती, राहायची सोय काय? मुलीच्या बाबतीत बस आणि वसतिगृहाची चौकशी बहुतेक वेळा वडील करतात. ती तिलाच करू द्या, आपण शेजारी बसा.

"नोकरी पक्की, आधी नोंदणीचे पैसे भरा" असा फोन आला तर मुलाने विचारलं पाहिजे : कंपनीचा पत्ता काय, लेखी पत्र कधी मिळेल? समोरचा चिडला किंवा घाई करू लागला तर फोन ठेवावा, पैसे पाठवू नयेत. गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करावी. न बोलणारा मुलगा असं काही विचारत नाही, आणि घरचे पैसे जातात.

घरी आणि शाळेत करता येण्यासारखं

- आठवीपासून बँक, पोस्ट, दवाखान्यात मुलालाच बोलू द्या. अडला तरी दहा सेकंद थांबा.
- परिपाठात रोज एका विद्यार्थ्याने "मी काल केलेलं काम" यावर एक मिनिट बोलावं. सुविचारासारखं पाठ केलेलं नको.
- महिन्यातून एकदा गावातले दुकानदार, ग्रामसेवक किंवा बँक कर्मचारी यांना बोलवा. मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत.
- बोलताना मध्येच व्याकरण सुधारू नका. बोलून झाल्यावर एकच चूक सांगा.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. लागतो तो आपला धीर. या आठवड्यात मुलाला घेऊन कुठे गेलात आणि कोणी त्याला प्रश्न विचारला, तर एवढंच करा : तुम्ही उत्तर देऊ नका.