'नाशिक'ची चिन्हे पाच, बाइट पंधरा!

नाशिक - पायथॉन भाषेतील जुनी आज्ञावली 'नाशिक' हा शब्द दुसऱ्या संगणकाकडे पाठविताना नव्या आवृत्तीवर का अडते, याचे उत्तर अक्षरांच्या मोजणीत आहे. संगणकांच्या संवादाचे टोक म्हणजे 'सॉकेट'. त्यातून अक्षरे नव्हे, बाइट वाहतात. यूटीएफ-८ पद्धतीत 'नाशिक'ची काना-वेलांटीसह ५ चिन्हे १५ बाइट होतात. २००८ च्या पायथॉन ३ ने मजकूर आणि बाइट वेगळे केले. मजकूर थेट सॉकेटला दिल्यास आज्ञावली तिथेच थांबते. पायथॉन २ ची देखभाल २०२० मध्ये संपल्याने जुन्यावर विसंबणेही धोक्याचे.

रूपांतर केले, तरी भागत नाही. पहिल्या खेपेत १० च बाइट आले, तर चौथे चिन्ह अर्धवट राहते. म्हणून संपूर्ण संदेश जमल्यावरच तो उलगडावा.

थांबणारी चूक निदान दिसते. विंडोजवरची मुकी असते. पोर्टच्या पुनर्वापराचा पर्याय लिनक्सवर बंद पडलेला सर्व्हर लगेच सुरू करण्यासाठी असतो. विंडोजवर तोच पर्याय दोन आज्ञावल्यांना एकाच पोर्टवर बसू देतो आणि संदेश कोणाला मिळेल, याचा भरवसा उरत नाही. प्रणाली तपासून तो तिथे वगळावा. विंडोजवर त्याची गरजही नसते.